चार नंबरची शांतता

१

सकाळी सकाळी मोठ्या साहेबांच्या खोलीत गाळणीबाईंना एक रेकॉर्डिंग ऐकवलं गेलं. त्यांनी ते तीनदा लावायला सांगितलं आणि तिन्ही वेळा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. बसून ऐकण्यासारखं ते नव्हतंच.

अँब्युलन्स बोलावण्याच्या नंबरावर आलेला तो फोन होता. एक माणूस सांगत होता की बायकोला श्वास घेता येत नाहीये. मग म्हणाला, "हॅलो? कुणी आहे का?" मग त्याने पत्ता सांगितला, एकदा घाईने, एकदा सावकाश, चूक जणू त्याच्या सांगण्यातच होती. मागे त्या बाईची घरघर ऐकू येत होती. कंट्रोल रूमकडून मात्र चकार शब्द नाही. शेवटी त्याने फोन ठेवला, शेजाऱ्याची गाडी मागितली, आणि बाई वाटेतच गेली.

माणूस सिटी बसचा ड्रायव्हर होता. रेकॉर्डिंग कुणीतरी बाहेर फोडलं होतं आणि आता गावभर तेच वाजत होतं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. सिस्टिमच्या नोंदीप्रमाणे तो फोन चार नंबरच्या खुर्चीने उचलला. थकलेला ऑपरेटर कधीकधी फोन उचलतो, म्यूटचं बटण दाबतो आणि घटकाभर गप्प बसून राहतो, हे अशा धंद्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित. चार नंबरवर बसणाऱ्या बाईने तेच केलं असं ठरवून तिला घरी बसवलंही होतं.

"उद्या दुपारी समिती बसतेय," साहेब म्हणाले. "ड्रायव्हरलाही बोलावलंय. तुम्ही लॉग काढा, सही करा, म्हणजे आम्ही पोलिसांत तक्रार देऊन मोकळे."

"नुसती सहीच हवी होती तर शिक्का करून घ्यायचा. मला कशाला उठवलंत?" गाळणीबाई म्हणाल्या.

फोन वाटून देणारं हे सॉफ्टवेअर निम्मं बाईंनीच लिहिलेलं. अशा प्रोग्रामचे तुकडे दिवसभर आपापसांत बडबडत असतात. एक म्हणतो, फोन आलाय. दुसरा म्हणतो, चार नंबर मोकळी आहे. तिसरा म्हणतो, उचलला. शिवाय 'मी आहे, तू आहेस ना?' हे पालुपद अखंड चालू. ही सगळी बडबड लिहून ठेवली की तिला लॉग म्हणतात, आणि सगळी वाचायला बसलं तर शहाणा माणूस वेडा होईल. म्हणून नको ते मेसेज गाळायचे. काय गाळावं आणि काय ठेवावं यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्त होऊन घरी बसल्या तरी गाळणी हे नाव काही सुटलं नाही.

त्यांनी लॉग उघडला. प्रत्येक फोन संपला की सिस्टिम शेवटी एक ओळ लिहिते: कुठल्या बाजूने किती आवाज गेला. ड्रायव्हरच्या बाजूने भरपूर गेला होता. चार नंबरच्या बाजूने शून्य असायला हवा होता, कारण म्यूट दाबलं की फोनने आवाज पाठवणंच बंद करायचं, ही अक्कल त्या फोनला बाईंनीच शिकवली होती.

शून्य नव्हता. शेवटपर्यंत आवाज जात होता.

शांतता दोन तऱ्हांची असते. एक, तोंडावर हात दाबून धरलेली. दुसरी, तोंड मोकळं असूनही कुणी न बोलल्याची. चार नंबरचा माइक त्या सगळ्या वेळात चालू होता.

२

चार नंबरचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं आणि उघडता उघडताच बजावलं की पेपरवाल्या असाल तर आल्या पावली परत फिरा. आपण पेपरवाल्या नाही हे पटवायला बाईंना उंबऱ्यातच बरंच बोलावं लागलं.

चार नंबर ओट्याशी भांडी पुसत होती. पुसलेलीच पुन्हा पुसत होती. पस्तिशीची, खालच्या पट्टीत बोलणारी. असा आवाज फोनवर कानी पडला तर घाबरलेल्या माणसाला हुशारी यावी. पण तिच्याकडे सांगण्यासारखं एकच वाक्य होतं, की मी तो फोन घेतला नाही. खुर्चीवर होतीस का, असं बाईंनी विचारलं. होते, असं ती म्हणाली खरी, पण म्हणताना हातातलं ताट तिने खाली ठेवलं आणि तेच परत उचललं.

बोलायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. मुलीने शाळेत जाणं बंद केलंय, वर्गात पोरं मोबाइलवर ते रेकॉर्डिंग लावतात. दूधवाला पूर्वी दारात दोन शब्द बोलायचा, आता पिशवी कडीला अडकवून पळतो. गावाने हिला 'मरणाऱ्या बाईचा श्वास ऐकत बसलेली' असं नाव ठेवलंय. आणि उद्या तक्रार झाली की पोलीस येणार, कोर्ट येणार, म्हणजे बाकी राहिलेलीही अब्रू गेली.

"ही झोपेत बोलते," सासूबाई म्हणाल्या. "'घाबरू नका, पत्ता सांगा, मी लाइनवर आहे.' माझा मुलगा दचकून उठतो. सून म्हणून माझ्या हिच्याविरुद्ध छप्पन्न तक्रारी आहेत, पण अशी बाई फोन धरून गप्प बसेल, हे मला कुणी देवाशपथ सांगितलं तरी पटायचं नाही."

सासूने सुनेची बाजू अशी घेतलेली पाहून गाळणीबाईंना बरं वाटलं आणि तितकंच अस्वस्थही वाटलं. कारण सून खोटं बोलत होती. माइक चालू आणि सून खुर्चीवर, तर ती तोंड मिटून बसली होती. सून खुर्चीवर नव्हती, तर मग फोन उचलला कुणी?

निघताना त्यांनी चपला पायात सरकवत सहज विचारावं तसं विचारलं, "ड्रायव्हरच्या आधीचा फोन कुणाचा होता गं?"

चार नंबरच्या हातातलं फडकं थांबलं. "त्याबद्दल आजवर मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

३

आधीचा फोन बाईंनी कंट्रोल रूममध्ये येऊन ऐकला. पाण्याच्या टाकीत पडलेलं एक पोर, त्याची आई, आणि चार नंबरचा आवाज. छातीवर असा दाब द्या, आता तोंडात हवा फुंका, थांबू नका, गाडी निघालीय. फार लांबला होता तो फोन. शेवटी शेवटी आई उत्तरच देईनाशी झाली आणि चार नंबर एकटीच बोलत राहिली. बाईंनी तो पुरता ऐकला नाही, हेडफोन काढून ठेवला.

त्या हॉलमध्ये नऊ खुर्च्या होत्या आणि समोरच्या भिंतीवर नऊ दिव्यांचा फलक. खुर्चीवर माणूस असला की हिरवा, उठला की लाल. लाल दिवा वर साहेबांच्या टेबलावरही लागतो आणि महिनाअखेरीस त्या माणसाला जाब द्यावा लागतो. पोर हातचं गेल्याचा फोन संपला तरी दिवा हिरवाच ठेवायचा आणि पुढचा फोन घ्यायचा, असा तिथला कायदा. गाळणीबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण त्यांनी राग गिळला, कारण रागाने कोडं सुटत नाही.

बाकीच्या आठ जणांशी त्या एकेक करून बोलल्या. सगळ्यांनी एकच सांगितलं, की आम्ही आपापल्या फोनवर होतो, आम्हाला काय माहीत. आठ माणसं अगदी त्याच शब्दांत तेच सांगतात तेव्हा ते ठरवून पाठ केलेलं असतं, एवढं कळायला डिटेक्टिव्ह असावं लागत नाही.

वेगळं बोलला तो एकटा सुपरवायझर. पूर्वी शाळेवर होता म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. हॉलच्या कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये बसणारा, निवृत्तीला टेकलेला, सगळ्यांना धाक न घालता कामाला लावणारा माणूस. बाईंशी त्याची जुनी ओळख.

"बाई, तिने म्यूट दाबलेलं नाही," मास्तर म्हणाले. "हे मी कुठेही सांगायला तयार आहे."

"तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. केबिनमध्ये."

मग बाई चार नंबरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि कानाला हेडफोन लावून तेच रेकॉर्डिंग आवाज होता नव्हता तेवढा वाढवून पुन्हा लावलं. या वेळी ड्रायव्हरकडे कान न देता त्यांनी मागची, आपल्या बाजूची शांतता ऐकली. बारीक फडफड, वाऱ्यावर कागद हलावा तशी. बाकी काही नाही.

त्यांनी हेडफोन काढला. डावीकडे तीन नंबर कुणाला तरी पत्ता विचारत होता, उजवीकडे पाच नंबर ओरडून बोलत होती, पलीकडे कुणीतरी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला रस्ता सांगत होतं. नुसता बाजार. यातलं एक अक्षरही रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं.

तो फोन चार नंबरच्या खुर्चीनेच उचलला होता. पण या हॉलमध्ये उचलला नव्हता.

४

हॉलच्या बाहेर शांत खोल्या दोनच. एक मास्तरांची केबिन, दुसरी खालच्या मजल्यावर प्रोग्रामरची खोली. तिथे चाचणीचे फोन होते, आणि हव्या त्या खुर्चीचा नंबर हव्या त्या फोनवर लावता येत होता. प्रोग्रामरला सगळे दाढीवाला म्हणत. त्याला हे काम बाईंनीच शिकवलं होतं.

दाढीवाल्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवतो म्हणाला, आणि बाई काही विचारायच्या आतच नवीन व्हर्जनमध्ये काही दोष नाही हे समजावून सांगू लागला. न विचारलेल्याचं उत्तर देणारा माणूस काहीतरी झाकत असतो. बाईंनी त्याला मधेच थांबवून एकच गोष्ट मागितली: त्या दिवशी चार नंबरची खुर्ची कुठल्या कुठल्या फोनवर चालू होती ते सांगणारे मेसेज.

"ते नाहीत, मॅडम. गाळलेत."

"वाचताना गाळलेत की लिहितानाच?"

दाढीवाला टेबलाकडे बघत राहिला. "लिहितानाच."

बाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. आधी सगळं लिहून ठेवावं आणि मग वाचताना गाळावं, हा त्यांनी शिकवलेला पहिला धडा होता. वाचताना गाळलेलं पुन्हा दिसू शकतं. लिहितानाच गाळलं ते कायमचं गेलं, मग डोकं आपटून घ्या नाहीतर काही करा. दाढीवाला म्हणाला की डिस्क भरत होती. डिस्क भरत होती हे कारण म्हणजे या धंद्यातलं पोटात दुखणं. शाळा चुकवायला कुणीही देऊ शकतो.

त्यांनी गाळायच्या मेसेजची यादी पडद्यावर उघडायला लावली. पहिली नावं नेहमीचीच होती, ते 'मी आहे, तू आहेस ना' वगैरे. ते बाईंनीही गाळलेच असते. पण शेवटी एक मेसेज होता: एकच खुर्ची दोन फोनांवर चालू. बाईंनी स्वतः लिहिलेला. असं कधी होणार नाही, पण झालंच तर ओरडावं, म्हणून लिहिलेला.

मग त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडच्या सर्व्हरचे पंखे घोंघावत होते. या खोलीत तो फोन उचलला असता तर हे घोंघावणं रेकॉर्डिंगभर भरून राहिलं असतं. म्हणजे ही ती खोली नव्हे. मग या पोराने तो मेसेज गाळला तो कुणासाठी?

त्यांनी तसं विचारलं. दाढीवाल्याचा चेहरा एकदम उतरला.

"मॅडम, तुमच्या पाया पडतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "समितीसमोर ही यादी काढू नका. त्यात एकटा मी नाहीये. सगळा हॉल आहे."

५

बाई घरी आल्या तरी चित्त ठिकाणावर नव्हतं. या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या चालल्या होत्या. यजमानांनी दोनदा विचारलं की अगं, काय शोधतेयस.

यजमानांना मधुमेह होता आणि गोड वर्ज्य. उभ्या जन्मात त्यांना घरातला कचऱ्याचा डबा कुठे असतो हे माहीत नव्हतं. अलीकडे मात्र त्यांनी बाल्कनीत झाकणाचा एक छोटा डबा आणून ठेवला होता, झाडांच्या वाळक्या पानांसाठी म्हणून, आणि तो रिकामा करायला ते स्वतः खाली जात. येरझाऱ्या घालता घालता बाईंनी त्या डब्याचं झाकण उचललं. आत वाळकं पान एकही नव्हतं, क्रीमच्या बिस्किटांची वेष्टणं मात्र होती.

"अहो!"

"एकदाच खाल्लं गं," यजमान खुर्चीतूनच म्हणाले. "एकच."

"एका बिस्किटासाठी कुणी डबा विकत आणत नाही," बाई म्हणाल्या आणि तिथेच थबकल्या.

यजमानांना वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण बाईंनी झाकण परत लावलं आणि बाल्कनीतच उभ्या राहिल्या.

कधीमधी येणारा मेसेज कुणी गाळत नाही. गाळण्याची सोय करतात ती रोज येऊन ढीग करणाऱ्याची. म्हणजे जे कधीच होणार नाही असं त्यांना वाटलं होतं, ते त्या हॉलमध्ये रोज होत होतं. रोज कुठलीतरी खुर्ची दोन फोनांवर चालू असायची, एक हॉलमधला आणि एक दुसरीकडचा. कशाला? माणूस उठला तरी दुसऱ्या फोनमुळे दिवा हिरवा राहावा म्हणून. तो दुसरा फोन कुठे असणार? जिथे हॉलमधली गडबड पोचत नाही आणि सर्व्हरचे पंखेही ऐकू येत नाहीत अशा खोलीत. आणि तिने म्यूट दाबलेलं नाही हे छातीठोकपणे कोण सांगू शकतो? तो फोन तिच्याकडे गेलाच नव्हता हे ज्याला माहीत आहे, तोच.

मास्तरांवर बाईंचा जीव होता. त्यांना त्या क्षणी आपल्या अकलेचा राग आला.

सकाळी त्या मास्तर येण्याआधी केबिनमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. एसीच्या झोतापुढे एक नोटीस चिकटवलेली होती आणि तिचं सुटलेलं टोक फडफडत होतं. मास्तर दारात आले, बाई कशाकडे बघताहेत ते त्यांनी पाहिलं, आणि त्यांना मागच्या जिन्याकडे घेऊन गेले. दोघं पायरीवर बसले.

"आम्ही त्याला खुर्ची राखणं म्हणतो," मास्तर म्हणाले. "कुणाला मोकळं व्हायला जायचं असतं, कुणाला एखादा फोन झाल्यावर जरा रडायचं असतं. मी माझा फोन त्यांच्या खुर्चीवर लावतो आणि त्यांचे फोन घेतो. कधी दोघांच्या खुर्च्या एकदम राखाव्या लागतात, म्हणून फोन आपोआप उचलला जाईल असं करून ठेवलं होतं. मेसेज साहेबांपर्यंत जाऊ नये म्हणून दाढीवाल्याला गळ घातली. आजवर एक फोन वाया गेला नाही, बाई."

"आणि त्या दिवशी?"

"ते टाकीतलं पोर. ती उठून इथे येऊन बसली, ह्याच पायरीवर. बराच वेळ झाला तरी येईना. मला राहवेना. हेडफोन टेबलावर ठेवला आणि जरा बघून येतो म्हणून आलो. तिला पाणी पाजलं, शेजारी बसलो. परत गेलो तेव्हा मधे फोन येऊन गेलाय हे कळलंसुद्धा नाही. कळलं ते रेकॉर्डिंग गावात फिरल्यावर."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "हिंमत झाली नाही. म्हटलं, म्यूट सिद्ध होणार नाही, ती सुटेल. आणि मी बोललो तर खुर्ची राखणं संपलं. ती नऊ माणसं मरतील हो त्या खुर्च्यांवर."

"ती तुमच्यासाठी गप्प आहे, हे कळतंय ना तुम्हाला?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. बाईंनी मग कटू होतं ते सांगितलं. मेसेज लिहिलेच गेले नाहीत, त्यामुळे हातात पुरावा नाही. आहे ते सगळं अनुमान. साहेबांना एक माणूस हवाय आणि तो त्यांना मिळालाय. हे ऐकून साहेब म्हणतील की बाईंना घरी बसून गोष्टी रचायची सवय लागलीय, आणि संध्याकाळी पोलीस चार नंबरच्या दारात असतील.

"तुम्ही बोललात तरच ती सुटते, मास्तर."

मास्तर उठून जिना चढून वर गेले.

६

समिती म्हणजे साहेब आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक होयबा. टेबलाच्या एका टोकाला चार नंबर, दुसऱ्या टोकाला बसचा ड्रायव्हर, खाकी शर्टातच आलेला, ड्यूटीवरून सुटून. भिंतीशी मास्तर आणि दाढीवाला. ड्रायव्हर चार नंबरकडे टक लावून बघत होता आणि ती टेबलाकडे.

गाळणीबाईंनी उभ्यानेच सांगितलं: म्यूट नव्हतं, मग हॉल नव्हता, मग गाळलेला मेसेज, मग खुर्ची राखणं. मास्तरांचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांच्याकडे बघितलंही नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "छान," ते म्हणाले. "पुरावा?"

"पुरावा लिहिला गेला नाही."

"मग सही करा, बाई, आणि—"

मास्तर भिंतीपासून पुढे आले.

"मास्तर, नका," चार नंबर म्हणाली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच बोलली.

पण मास्तर बोलले. पायरीवर जसं सांगितलं होतं तसंच, काही वगळलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही. त्यांच्यामागून दाढीवालाही म्हणाला की मेसेज मी गाळला. चार नंबर दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागली.

साहेब काही बोलणार तेवढ्यात ड्रायव्हरने हात वर केला. "म्हणजे मी बोलत होतो तेव्हा तिथे कोण होतं?"

"कुणी नव्हतं," मास्तर म्हणाले. "टेबल होतं."

ड्रायव्हरने मास्तरांकडे मान वळवली. "इतके दिवस मला वाटायचं, कुणीतरी ऐकतंय आणि बोलत नाहीये," तो म्हणाला. "मी पत्ता नीट सांगितला नाही का, मी वाईट बोललो का, सारखं तेच डोक्यात. त्यापेक्षा हे बरं." तो उठला, दारापर्यंत गेला आणि तिथून वळला. "नाही. हेही बरं नाही."

मग त्याने चार नंबरला विचारलं, "ते पोर वाचलं का?"

तिने नकारार्थी मान हलवली. ड्रायव्हर परत आला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला, कारण दाराजवळची तीच होती.

साहेबांनी वेळ बघितली आणि कागद पुढे ओढला. आता चार नंबरविरुद्धची तक्रार मागे, मास्तरांविरुद्ध नवीन, असं ते लिहू लागले. ड्रायव्हर त्यांच्या पेनाकडे बघत होता.

"खुर्ची रिकामी दिसली असती तर काय झालं असतं?" त्याने विचारलं.

साहेबांनी लिहिता लिहिता समजावलं. लाल दिवा लागला असता आणि फोन दुसऱ्या मोकळ्या खुर्चीकडे गेला असता. "त्या वेळी दोन खुर्च्या मोकळ्या होत्या," गाळणीबाई म्हणाल्या. हे त्यांनी सकाळीच लॉगमध्ये पाहिलं होतं आणि तोवर कुणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं.

"दोन?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे हिला नुसतं उठू दिलं असतं, तर माझी बायको जगली असती," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "साहेब, मला उतरायचं झालं तर मी बस थांबवतो. लोक शिव्या देतात, डेपोत जाब विचारतात, पण थांबवतो. ह्या मास्तरांनी बस चालू ठेवून उडी मारली. त्यांचं नाव लिहा, मी सही करतो. पण ह्या सगळ्यांना उतरायला बंदी कुणी केली होती?"

होयबांपैकी एक जण घोटभर पाणी प्यायला.

"तो नियम आहे," साहेब म्हणाले.

"नियम कुणी केला?"

ड्रायव्हरने हात लांब करून तो कागद आपल्याकडे वळवला. मास्तरांच्या नावाखाली भरपूर जागा मोकळी होती. त्याने तिथे बोट टेकवलं.

"तुमचं नाव इथे लिहा," तो म्हणाला. "मी थांबतो."